धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण: आकार, पृष्ठभाग आणि उपयोग

कणवेध (धागालेखक)

रंगाच्या डब्यापासून खताच्या बाटलीपर्यंत सगळीकडे हल्ली ‘नॅनो’ हे विशेषण दिसते आणि त्यामागचा पदार्थ पुष्कळदा कोणत्या तरी धातूचे ऑक्साइड असतो. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड, लोहाची ऑक्साइडे, टिन ऑक्साइड आणि सिरियम ऑक्साइड ही त्यांतील नेहमीची मंडळी. मी मटेरियल्स सायन्समध्ये काम करतो. या विषयावर मराठीत एकतर जाहिरातीच्या भाषेतले लेखन सापडते किंवा घाबरवणारे, म्हणून हा धागा काढला आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की कण १०० नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान आहे, एवढ्यावरून त्याच्याविषयी फारसे काही कळत नाही. तो कोणत्या ऑक्साइडचा आहे, त्याची स्फटिकरचना कोणती, त्याच्या पृष्ठभागावर काय चढवले आहे आणि तो सुटा आहे की गुठळीत अडकलेला, या चार गोष्टी विचारल्याखेरीज त्याच्या गुणांची किंवा धोक्यांची चर्चा पुढे सरकत नाही.

प्रथम पृष्ठभागाचा हिशेब पाहू. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांमध्ये विभागला, तर वस्तुमान तेवढेच राहते, पण एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. पृष्ठभागावरच्या अणूंना सर्व बाजूंनी शेजारी नसतात, त्यामुळे ते पाण्याचे, ऑक्सिजनचे किंवा इतर रेणू धरून ठेवण्यास उत्सुक असतात. उत्प्रेरण, वायूंचे संवेदन, पाण्यातील विषारी आयन शोषून घेणे हे सारे उपयोग या एका गोष्टीवर उभे आहेत. याच कारणामुळे हे कण एकमेकांनाही चिकटतात, आणि गुठळी झाली की कागदावर हिशेबाने मिळालेले पृष्ठफळ प्रत्यक्षात हाती लागत नाही.

आता सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. झिंक ऑक्साइड हा अर्धवाहक आहे आणि त्याची बँड गॅप, म्हणजे आतील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. याचा अर्थ असा की साधारण ३७५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश तो शोषून घेतो आणि दृश्य प्रकाश जाऊ देतो. मग क्रिकेटपटूंच्या नाकावरचे झिंक पांढरे का दिसत असे? कारण ते कण मोठे असत व दृश्य प्रकाश सर्व दिशांना विखुरत. अतिशय लहान कणांच्या बाबतीत, वस्तुमान तेवढेच ठेवले तर, हे विकिरण कणाच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटते. म्हणून कण काही दशक नॅनोमीटरवर आणले की मलम त्वचेवर पारदर्शक दिसते, पण अतिनील प्रकाशाचे शोषण चालूच राहते. खनिज सनस्क्रीन अतिनील किरण आरशाप्रमाणे परतवून लावते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात संरक्षणाचा मोठा भाग शोषणातून मिळतो, परावर्तनाचा वाटा अगदी थोडा असतो.

टायटॅनियम डायऑक्साइडची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याची दोन मुख्य स्फटिकरूपे म्हणजे ॲनाटेज आणि रूटाइल. त्यांच्या बँड गॅप अनुक्रमे ३.२ आणि ३.० इलेक्ट्रॉन व्होल्ट आहेत. रूटाइलचा अपवर्तनांक सुमारे २.७, म्हणजे हिऱ्याच्याही वर आहे, आणि पांढऱ्या रंगात त्याला तोड नाही ती याच कारणाने. मात्र रंगासाठी कण सुमारे २०० ते ३०० नॅनोमीटरचे लागतात, कारण दृश्य प्रकाश सर्वाधिक विखुरला जातो तो त्या आकाराला. म्हणजे भिंतीच्या रंगात नॅनोकण हा दोष ठरेल आणि सनस्क्रीनमध्ये तोच गुण.

अतिनील प्रकाश शोषल्यावर टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, ज्याला होल म्हणतात, अशी जोडी तयार होते. ही जोडी पुन्हा एकत्र येण्यापूर्वी पृष्ठभागापर्यंत पोचली, तर पाणी व ऑक्सिजन यांच्यापासून अत्यंत क्रियाशील मूलके तयार होतात आणि ती जवळच्या सेंद्रिय पदार्थाचे विघटन करतात. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युदग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले, तेथून प्रकाश-उत्प्रेरणाच्या अभ्यासाला खरा वेग आला. २००१ मध्ये पिल्किंग्टनने बाजारात आणलेली स्वतः स्वच्छ होणारी काच हे त्याचे एक फळ. तिच्यावरचा काही नॅनोमीटर जाडीचा थर सूर्यप्रकाशात मळाचे विघटन करतो आणि पाणी थेंबांऐवजी सलग पापुद्र्यासारखे पसरून मळ वाहून नेते.

काचेवर हवाहवासा वाटणारा हा गुण त्वचेवर मात्र नको असतो. सनस्क्रीनमधील कणांवर म्हणूनच सिलिका किंवा ॲल्युमिना यांचा पातळ थर चढवतात, जेणेकरून प्रकाश शोषला जाईल पण तयार झालेली मूलके बाहेर पडणार नाहीत, आणि शक्यतो ॲनाटेजऐवजी रूटाइल निवडतात. पदार्थ तोच आणि आकारही जवळपास तोच असताना केवळ पृष्ठभाग बदलून उपयोग उलटा करता येतो. घरातील भिंतींसाठी ‘जंतुनाशक नॅनो टायटॅनियम’ रंग विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की साध्या एलईडी दिव्याच्या प्रकाशात अतिनील भाग जवळपास नसतो. तेव्हा बंद खोलीत तो रंग काय करणार, हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा.

लोहाच्या ऑक्साइडचा निराळाच गुण आहे. मॅग्नेटाइट या काळ्या, चुंबकीय लोह ऑक्साइडचे कण सुमारे २०-२५ नॅनोमीटरपेक्षा लहान झाले की प्रत्येक कण हा एकच चुंबकीय प्रदेश असतो आणि सामान्य तापमानाच्या उष्णतेनेही त्याची चुंबकीय दिशा सतत पालटत राहते. परिणामी बाहेरचे चुंबक जवळ आणले की कण जोरात ओढले जातात आणि चुंबक दूर केले की त्यांच्यात चुंबकत्व उरत नाही, त्यामुळे त्यांची गुठळी न होता ते पुन्हा द्रवात पसरतात. या गुणाला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. कोविडच्या काळात नमुन्यांतून आरएनए वेगळा करण्यासाठी अनेक प्रयोगशाळांनी जे चुंबकीय मणी वापरले, ते सिलिकाने मढवलेल्या लोह ऑक्साइडचेच होते. कर्बोदकाच्या आवरणातील लोह ऑक्साइडचे फेरुमोक्सिटॉल हे इंजेक्शन मूत्रपिंडाच्या रुग्णांमधील लोहाच्या कमतरतेसाठी अमेरिकेत २००९ पासून मान्य आहे. त्याने क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून २०१५ मध्ये त्यावर कडक इशारा छापणे बंधनकारक झाले.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आपापल्या क्षेत्रातील अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

---

प्रयोगवही

उत्तम धागा. मी पदव्युत्तर वर्गांना रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे कण तयार कसे होतात आणि ‘नॅनो’ असल्याचा दावा तपासायचा कसा, याविषयी लिहिते.

मॅग्नेटाइटसाठी सर्वांत सोपी पद्धत सहअवक्षेपणाची आहे. फेरस आणि फेरिक क्षारांचे द्रावण १:२ या प्रमाणात घेऊन, शक्यतो नायट्रोजनच्या वातावरणात, ढवळत ढवळत त्यात अमोनिया घालतात. फिकट नारिंगी द्रावण क्षणार्धात काळे होते. चंचुपात्राखाली चुंबक धरला की तो सगळा काळा साका तळाशी एका बाजूला ओढला जातो आणि वरचे पाणी स्वच्छ होते. विद्यार्थ्यांचे चेहरे या क्षणी पाहण्यासारखे असतात. साका काळ्याऐवजी तपकिरी दिसू लागला, तर हवेतील ऑक्सिजनने फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण झाले असे समजावे. वाळवताना घाई करून भट्टीचे तापमान चढवले की हेच घडते.

दुसरी पद्धत आपल्या देशाशी निगडित आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात द्रावण-ज्वलनाची रीत रूढ केली. धातूचे नायट्रेट आणि युरिया यांचे द्रावण सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवले की ते उकळते, फेसाळते आणि एकाएकी पेट घेते. त्या ज्वाळेच्या उष्णतेतच काही मिनिटांत ऑक्साइडची हलकी, सच्छिद्र भुकटी तयार होते. ॲल्युमिनासाठी इतर मार्गांनी जे तापमान तासन्‌तास राखावे लागते, ते येथे इंधनच पुरवते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही रासायनिक मार्गांनी धातू ऑक्साइडचे पातळ थर बनवण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. तेथील रासायनिक अवक्षेपण आणि फवारा-तापविघटन या पद्धतींत महागड्या निर्वात यंत्रणेची गरज पडत नाही, हे मर्यादित साधनांच्या महाविद्यालयांना विशेष उपयोगी पडले.

आता तपासणी. क्ष-किरण विवर्तनात झिंक ऑक्साइडची तीन ठळक शिखरे ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांजवळ येतात. शिखर जितके रुंद तितका स्फटिक लहान, आणि शेरर यांच्या सूत्राने त्याचा आकार काढता येतो. ३६.३ अंशांवरील शिखराची रुंदी अर्धा अंश असेल, तर तांब्याच्या क्ष-किरणांसाठी उत्तर साधारण १७ नॅनोमीटर येते. येथेच बहुतेक प्रकल्प घसरतात. एकतर यंत्राने स्वतः आणलेली रुंदी वजा केलेली नसते. दुसरे म्हणजे शेररचे सूत्र स्फटिकाचा आकार सांगते, कणाचा नव्हे. एका कणात असे अनेक स्फटिक दाटीने बसलेले असू शकतात. तोच नमुना पाण्यात घालून, तो प्रकाश कसा विखुरतो त्यावरून मोजला तर ३०० नॅनोमीटर येतात आणि विद्यार्थी गोंधळतो. दोन्ही मोजमापे बरोबर असतात, दुसऱ्यात गुठळीचा आकार मोजला गेलेला असतो.

तुळस, कडुनिंब किंवा कोरफड यांच्या अर्काने केलेल्या ‘हरित संश्लेषणा’बद्दलही थोडे परखड लिहिणे भाग आहे. झिंकच्या क्षारात अर्क घालायचा, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड टाकायचे आणि शेवटी सगळे ४०० अंशांवर भाजायचे, असा क्रम असेल, तर अर्कातील सेंद्रिय द्रव्ये जळून जातात आणि झिंक ऑक्साइड तयार करण्याचे काम अल्क व उष्णता यांनी केलेले असते. अर्काने स्फटिकवाढ रोखली का, हे अर्काविना केलेला नमुना शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि नेमका तोच नमुना बहुतेक प्रबंधांत आढळत नाही.

---

काळीमाती

माझा प्रश्न शेतीतील झिंकसंबंधी आहे. आमच्याकडे संत्र्याच्या नव्या पालवीत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पाने अरुंद व आखूड, अशी लक्षणे दिसतात आणि माती परीक्षणात झिंक कमी असल्याचा अहवाल येतो. आम्ही झिंक सल्फेट देतो. अलीकडे नॅनो झिंकच्या बाटल्या येऊ लागल्या आहेत आणि विक्रेता ‘कण इतका लहान की थेट पेशीत शिरतो’ असे सांगतो. यात तथ्य किती?

---

कणवेध

काळीमाती, मुळाशी असलेली गोष्ट अशी की वनस्पती प्रामुख्याने झिंकचा आयन घेते. तुमच्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या वर आणि त्यात चुनखडी असेल, तर झिंक जमिनीत पुष्कळ असूनही विरघळलेल्या रूपात अत्यल्प उरते. सामू एकने वाढला की त्याची विद्राव्यता सुमारे शंभर पटींनी घटते. अशा जमिनीत झिंक ऑक्साइडचे कण टाकले, मग ते नॅनो असोत वा नसोत, तर अंतिम विद्राव्यतेचे बंधन मातीचा सामूच घालून देतो. लहान कण लवकर विरघळतो, हा त्याचा फायदा असला तरी पुढे तो आयन त्याच चुनखडीच्या तावडीत सापडतो.

फवारणीत चित्र निराळे असू शकते. पानावर बसलेला कण दवात आणि पानाच्या किंचित आम्लधर्मी पृष्ठभागावर हळूहळू विरघळत राहतो, त्यामुळे एकदम क्षार पडून पान करपण्याची भीती कमी होते. परंतु हा लाभ झिंक ऑक्साइडच्या साध्या, बारीक दळलेल्या निलंबनातूनही पुष्कळ प्रमाणात मिळतो आणि तशी उत्पादने आधीपासून बाजारात आहेत. ‘थेट पेशीत शिरतो’ या विधानाला मी फारसे महत्त्व देणार नाही. काही कण पर्णरंध्रांतून आत जातात असे प्रयोगशाळेत दिसले आहे, पण पिकाला मिळालेल्या झिंकपैकी विरघळून किती आले आणि कणरूपाने किती, हे वेगळे करून दाखवणे कठीण असते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी-निविष्ठांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. बाटलीवर झिंकचे टक्के, कणाचा आकार आणि तो मोजण्याची रीत हे तीनही लिहिलेले आहे का, ते आधी पाहा. मग दोन ओळींत झिंक सल्फेट अधिक चुना, दोन ओळींत नवी बाटली आणि दोन ओळी कोऱ्या ठेवून स्वतःच्या बागेत तुलना करा. किंमत प्रति ग्रॅम झिंक अशी काढली की निर्णय सोपा होईल.

---

वायुगंध

मी वायुगळती ओळखणाऱ्या उपकरणांच्या क्षेत्रात आहे. आमच्या धंद्यातील खरा नायक टिन ऑक्साइड आहे. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात त्यावर आधारित संवेदक विकसित केला आणि आज स्वयंपाकघरातील स्वस्तातल्या गॅस अलार्मपासून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या एमक्यू मालिकेतील संवेदकांपर्यंत तेच तत्त्व चालते.

त्याचे कार्य असे. टिन ऑक्साइडचा सच्छिद्र थर आतल्या छोट्या हीटरने साधारण २०० ते ४०० अंशांवर तापवलेला असतो. हवेतील ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागावर बसतो आणि आतील इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणून पृष्ठभागालगत इलेक्ट्रॉनविरहित पट्टा तयार होऊन विद्युतरोध वाढतो. एलपीजी किंवा कार्बन मोनॉक्साइड आला की तो त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो, इलेक्ट्रॉन परत मिळतात आणि रोध झपाट्याने उतरतो. हा पट्टा सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. कणच ६ नॅनोमीटरचा झाला, तर दोन्ही बाजूंचे पट्टे मध्यावर मिळतात आणि संपूर्ण कण पृष्ठभागाच्या हुकमतीखाली येतो. नोबोरु यामाझोए आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की याच मर्यादेच्या खाली संवेदनशीलता एकदम चढते. आकाराने गुण पालटण्याचे इतके निखळ उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

व्यवहारात अडचण अशी की इतके लहान कण ३०० अंशांवर दीर्घकाळ ठेवले की एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि संवेदक मंदावतो. ही वाढ रोखण्यासाठी त्यात दुसऱ्या ऑक्साइडची थोडी भर घालतात, तर अभिक्रिया वेगवान व्हावी म्हणून पॅलेडियमसारखा मौल्यवान धातू अल्प प्रमाणात मिसळतात. शिवाय पृष्ठभागाला एलपीजी, अल्कोहोल आणि फोडणीचा धूर यांत नेमका भेद करता येत नाही. हाताला लावायच्या सॅनिटायझरची बाटली उघडताच अलार्म वाजल्याच्या तक्रारी आमच्याकडे महामारीच्या काळात नित्याच्या होत्या. सिलिकोनची वाफ मात्र नुसती फसवत नाही, ती पृष्ठभागावर सिलिकाचा थर साठवून संवेदक कायमचा निकामी करते; तेव्हा अलार्मच्या जवळ सिलिकोन सीलंट किंवा पॉलिशचा फवारा वापरू नये.

एक उपयोगाची गोष्ट विषयाला थोडी बाजूला ठेवून सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड आहे, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत बसवतात. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका आहे, म्हणून त्याचा अलार्म छताजवळ लागतो. पुण्या-मुंबईत अनेक घरांनी सिलिंडर सोडून पाइपगॅस घेतला, अलार्म मात्र ओट्याखालीच राहिला.

---

खल_बत्ता

आयुर्वेदातील भस्मे हे नॅनोकणच होत, असे अनेक ठिकाणी वाचले आहे. यशद भस्म म्हणजे झिंक ऑक्साइडच ना? वारितर (भस्म पाण्यावर तरंगणे) आणि रेखापूर्ण (ते बोटांच्या रेषांत भरणे) या परीक्षा म्हणजे आपल्या पूर्वजांची नॅनो-चाचणीच मानायची का?

---

प्रयोगवही

खल_बत्ता, पहिल्या भागाला आधार आहे. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी २००९ मध्ये यशद भस्माचे भौतिक-रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले असून त्यात ऑक्सिजनचे प्रमाण किंचित कमी असलेल्या झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आढळल्याचे नमूद आहे. वारंवार पुटे देण्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा भाजण्याची, प्रक्रिया पाहता धातूचे पूर्ण ऑक्सिडीकरण व्हावे, हे अपेक्षितच आहे.

दुसऱ्या भागाशी मी सहमत नाही. बोटांच्या रेषांमधील खाचा शेकडो मायक्रोमीटर रुंद असतात, त्यामुळे दहा मायक्रोमीटरचा कणही त्यांत सहज बसतो आणि रेखापूर्ण ठरतो. पाण्यावर तरंगणे हे पृष्ठताण आणि कणाचे पाण्याने न भिजणे यांवर अवलंबून आहे. या परीक्षा भस्म पुरेसे बारीक झाले आणि त्यात कच्चा धातू राहिला नाही हे पाहण्यासाठी होत्या, आणि त्या कामासाठी अत्यंत चातुर्याने योजलेल्या होत्या. त्यांना नॅनो-चाचणी म्हटल्याने त्यांचा मान वाढत नाही. आणखी असे की भस्मात नॅनोकण सापडणे आणि ते भस्म एखाद्या रोगावर गुणकारी असणे, या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पोटातील आम्लात झिंक ऑक्साइड विरघळते, मग कण पाच नॅनोमीटरचा होता की पाचशे, याने पुढे कितपत फरक पडतो, हे वेगळे तपासावे लागेल.

---

ठिणगी

धोक्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. फॅब्रिकेशनच्या कामात जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप वेल्ड करताना जो पांढरा, कापसासारखा तरंगणारा धूर उठतो, तो झिंक ऑक्साइडचाच असतो. दिवसभर तो ओढला की संध्याकाळी तोंडाला धातूची चव येते, रात्री थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सारे आपोआप ओसरते. मी ज्या कारखान्यात शिकलो, तेथे मालक सर्वांना दूध पाजत असे आणि धूर खेचणारा पंखा मात्र वर्षानुवर्षे बंद होता. विशेष म्हणजे सुटीनंतर पहिल्या दिवशी त्रास अधिक होतो आणि आठवडा पुढे सरकला की कमी होतो. सनस्क्रीनमध्ये चालणारे झिंक ऑक्साइड येथे असे का वागते?

---

कणवेध

ठिणगी, तुम्ही वर्णन केलेल्या विकाराला मेटल फ्यूम फीव्हर म्हणतात आणि सुटीनंतरचा त्रास हे त्याचे जुने, नोंदलेले लक्षण आहे. रोजच्या संपर्काने शरीर तात्पुरते सरावते आणि एक-दोन दिवसांच्या खंडाने तो सराव मोडतो. दुधाचा यावर उपाय म्हणून काही उपयोग नाही. उपाय म्हणजे जोडाच्या आजूबाजूचा जस्ताचा थर आधी घासून काढणे, धूर तोंडापाशी येण्यापूर्वीच खेचून घेणे आणि योग्य मास्क वापरणे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मार्गात आहे. निरोगी त्वचेचा बाहेरचा मृत थर हा कणांना चांगला अडसर आहे. मानवी स्वयंसेवकांवर झिंकचे वेगळे ओळखता येणारे समस्थानिक वापरून केलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात सनस्क्रीनमधील झिंकचा अगदी अल्प अंश रक्तात आढळला. फुप्फुसाच्या वायुकोशांत असा अडसर नाही. तेथे कण खोलवर पोचतात आणि विरघळून झिंकचे आयन एकाच जागी मोठ्या प्रमाणात सोडतात, त्यातून दाह उठतो. म्हणूनच युरोपातील ग्राहक-सुरक्षा विषयक वैज्ञानिक समितीने नॅनो झिंक ऑक्साइड सनस्क्रीनमध्ये २५ टक्क्यांपर्यंत स्वीकारले, पण श्वासावाटे आत जाईल अशा फवाऱ्याच्या रूपात नाही. मलम घ्या, स्प्रे टाळा, असा माझाही सल्ला आहे. टायटॅनियम डायऑक्साइडची भुकटी श्वासातून जाण्याविषयी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला ‘२ब’, म्हणजे ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवले आहे. तो निष्कर्ष मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांवर आधारलेला असून मलमाशी त्याचा संबंध नाही.

खाद्यपदार्थांतील पांढरा रंग म्हणून वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडबाबत मात्र जगात एकमत नाही. फ्रान्सने २०२० पासून त्यावर बंदी घातली. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने मे २०२१ मध्ये जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नाही असे सांगितले आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने तो खाद्यरंग वगळला. उलट, जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये पुन्हा पाहणी करून तो सध्याच्या वापरात चिंताजनक नाही, असे मत दिले. हा रंग नॅनो म्हणून बनवलाच जात नाही, पण त्यातील काही कण १०० नॅनोमीटरच्या खाली असतातच. मिठाई अधिक पांढरी दिसण्यापलीकडे त्याचा उपयोग नसल्याने तो वगळण्यात कोणाचे नुकसान आहे, असे मला वाटत नाही.

---

गंगासागर

नोकरीनिमित्त बरीच वर्षे कोलकात्यात आहे. नदिया, मुर्शिदाबाद, उत्तर चोवीस परगणा या जिल्ह्यांत कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिक हा पिढ्यांचा प्रश्न आहे. तळहातांवर कडक ठिपके असलेली माणसे गावोगाव भेटतात. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाचे ‘अमृत’ नावाचे तंत्र येथे अनेक ठिकाणी बसवले आहे. त्यामागे लोहाचे नॅनोकण आहेत एवढेच ठाऊक आहे. ते नेमके कसे चालते आणि वापरून झालेल्या माध्यमाचे काय करायचे, हे कोणी सांगेल का?

---

प्रयोगवही

गंगासागर, काटेकोरपणे बोलायचे तर ते ऑक्साइड नसून लोहाचे ऑक्सिहायड्रॉक्साइड आहे, फेरिहायड्राइट नावाचे, आणि त्याचे कण जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचे असतात. असे कण एकटे ठेवले तर काळाच्या ओघात मोठ्या, स्थिर स्फटिकांत रूपांतरित होतात आणि पृष्ठभाग गमावतात. या गटाने ते कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानच्या जाळ्यात बंदिस्त केले, त्यामुळे ही वाढ थांबते, कण पाण्याबरोबर वाहून जात नाहीत आणि माध्यम दाणेदार स्वरूपात गाळणीत भरता येते. सुटी नॅनो भुकटी पाण्यात टाकून ती पुन्हा गाळण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा आहे. आर्सेनिकचे आयन लोहाच्या अणूंशी ऑक्सिजनच्या दुव्याने रासायनिक बंध जोडतात, आणि पिण्याच्या पाण्यातील १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर या मर्यादेखाली जाता येते ते या घट्ट बंधामुळे. पाण्यात फॉस्फेट जास्त असेल, तर ते त्याच जागांसाठी स्पर्धा करते आणि माध्यम लवकर संपते. म्हणून एका गावातील अनुभवावरून दुसऱ्या गावातील गाळणीचे आयुष्य सांगता येत नाही, पाण्याची तपासणी करूनच ते ठरवावे लागते.

वापरून झालेले माध्यम शेतात किंवा तळ्याकाठी पुरू नये. बंगालच्या भूजलात आर्सेनिक आले तेच मुळी अशा मार्गाने, की गाळातील लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडवर बसलेले आर्सेनिक, ऑक्सिजन संपल्यावर जिवाणूंनी लोहाचे क्षपण केल्यामुळे सुटे होऊन पाण्यात उतरले. चिखलात पुरलेल्या गाळणीच्या माध्यमातही हीच प्रक्रिया पुन्हा सुरू होऊ शकते. कोरड्या, हवेशीर जागी ते साठवून ठेवावे आणि पुरवठादाराने परत नेण्याची अट करारातच घालावी. तशी सोय नसेल तर सिमेंटमध्ये घट्ट करून ठेवण्याचा पर्याय पुष्कळ ठिकाणी वापरतात, मात्र त्यातून आर्सेनिक झिरपत नाही याची प्रयोगशाळेतील चाचणी आधी करून घ्यावी. तुमच्या भागातील पाण्याचा अहवाल, विशेषतः फॉस्फेट, लोह आणि सामू यांचे आकडे मिळाले तर येथे द्या, म्हणजे पुढे नेमके बोलता येईल.